काट्याचा कागद

सकाळी साडेसातला झिसिसचा फोन आला तेव्हा असिमिना कारखान्याच्या फाटकात शिरत होती.

"तीन मेंढ्या मेल्या," बाप म्हणाला. "चार उठतच नाहीत. पोटं फुगून नगारा झालीत."

"डॉक्टरांना बोलावलंत?"

"त्या निघाल्यात. तूही ये."

झिसिसनं मुलीला असं कधी बोलावलं नव्हतं. असिमिनानं गाडी तिथूनच वळवली.

थेसाली प्रांतातल्या त्या डोंगरउतारावर झिसिस चाळीस वर्षं मेंढ्या राखत होता. दोनशे दहा मेंढ्या, दूध फेटा चीज करणाऱ्यांकडे जाई. त्याचा थोरला भाऊ स्तेर्गिओस मात्र खाली मैदानात प्लास्टिकच्या कारखान्यात लागला, बावीस वर्षं तिथली वाफ छातीत भरून घेतली आणि चोपन्नाव्या वर्षी गेला. शेवटचे चार महिने तो बसूनच झोपायचा. तेव्हापासून त्या धुराड्याकडे नजर गेली की झिसिस थुंकायचा.

पुढे तो कारखाना बंद पडला आणि त्याच आवारात नवा आला. हा प्लास्टिक बनवायचा ते खनिज तेलापासून नव्हे, काट्यापासून. जांभळ्या फुलांचं, पुरुषभर वाढणारं काटेरी झाड. खडकाळ रानातही येतं, पाणी मागत नाही. बियांचं तेल कारखान्याला, उरलेली पेंड मेंढ्यांना. असिमिना तिथे रसायनतज्ज्ञ म्हणून लागली, आणि गावात सगळ्यांत आधी काटा पेरला तो झिसिसनं.

कॅफेत गावातला नासिस त्याला डिवचायचा. "काय रे, आता तुझ्या मेंढ्या दुधाऐवजी पिशव्या देणार म्हणे?"

"देतील की. पहिली तुझ्या तोंडाला बांधू."

मे महिन्यात कारखान्यानं चाऱ्याचे गठ्ठे गुंडाळायचा, काट्याच्या प्लास्टिकचा नवा कागद बारा मेंढपाळांना वापरून बघायला दिला. हिरवट, पातळ, हाताला मऊ. असिमिनाच्याच गटानं तो बनवला होता. नोव्हेंबरात काकाच्या स्मरणाचं जेवण होतं तेव्हा झिसिसनं त्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला.

"अगं, हा थंडीत चाऱ्याला चिकटून बसतो. सोलायला गेलं की फाटतो. सगळे तुकडे वेचायलाच हवेत का? सकाळचा तास जातो त्यात."

सगळं घर जमलेलं, चिपुरो दारूचे दोन ग्लास पोटात गेलेले. असिमिना हसली. "बाबा, काट्याचाच आहे तो. पेंड खातात ना त्या? मग?" आणि तिनं त्यातला नखाएवढा तुकडा तोडून तोंडात टाकला, घोटाबरोबर गिळून टाकला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आत्यानं तर नजर लागू नये म्हणून तीनदा थू थू केलं. दुसऱ्या दिवसापासून झिसिसनं तुकडे वेचणं सोडलं.

त्याला आता सहा आठवडे झाले होते. असिमिना पोचली तेव्हा डॉक्टर लाम्ब्रिनी हातमोजे चढवत होत्या. मेंढवाड्याबाहेर चिखलात मेलेली मेंढी आडवी घातली होती. डॉक्टरांनी पोट उघडलं, पहिल्या मोठ्या कप्प्यात हात घातला आणि काहीतरी ओढू लागल्या. ते संपेचना. पिळलेल्या ओल्या लुगड्यासारखं काही तरी, चाऱ्यात गुंतलेलं, हिरवट. शेवटी माणसाच्या डोक्याएवढा गोळा चिखलात पडला. खाली गर्भाशयात दोन कोकरं होती, पुरती वाढलेली. डॉक्टरांनी ती हलकेच बाजूला ठेवली.

"कसला कागद हा?"

झिसिसनं मुलीकडे पाहिलं.

"आमचा," असिमिना म्हणाली. "पण तो कुजतो. तीन महिन्यांत..."

"कुठे कुजतो?"

"खताच्या ढिगात. अठ्ठावन्न अंशांवर."

"मेंढीचं पोट चाळीसच्या आसपास असतं, बाई. आणि तीन महिने ती न खाता थांबत नाही."

असिमिनानं तो कागद मातीत पुरून मोजला होता, ढिगात मोजला होता, समुद्राच्या पाण्यात बुडवून मोजला होता. जनावराच्या पोटात काय होईल हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त बापानं.

पुढच्या चार दिवसांत एकतीस मेल्या. दोघींना डॉक्टरांनी फाडून शिवलं, त्याही वाचल्या नाहीत. ज्यांचं रवंथ थांबलं त्यांना सुई देऊन निजवावं लागलं. झिसिस प्रत्येकीचं डोकं मांडीवर धरून बसायचा. असिमिनानं धरायला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे. त्या तुला ओळखत नाहीत."

पाचव्या दिवशी ती विभागप्रमुख करानासोसच्या खोलीत गेली.

"दार लाव," तो म्हणाला. "कागद गुंडाळायला दिला होता, चारायला नाही."

"मी सांगितलं म्हणून चारला बाबांनी."

"ते तू घरी बोललीस. मार्चपर्यंत चाचणी घेऊ, मग सगळ्यांना कळवू."

"साहेब, मार्चपर्यंत गठ्ठेच संपतील. अजून अकरा कळप आहेत."

"आणि ही बातमी फुटली की लोक पुन्हा खनिज तेलाच्या प्लास्टिककडे वळतील. तेच हवंय तुला? तुझा काका कशानं गेला, विसरलीस?"

असिमिना क्षणभर घुटमळली, कारण तो अगदीच खोटं बोलत नव्हता. मग ती खाली आली आणि अकरा पत्त्यांची यादी घेऊन निघाली.

प्रत्येक वाड्यावर तिनं एकच सांगितलं: "हा कागद मी बनवलाय. आजच्या आज सोलून काढा, एक तुकडाही राहू देऊ नका." कुणी आभार मानले, कुणी कॉफी दिली. चौथ्या ठिकाणी वाइया नावाच्या विधवेनं एकोणतीस मेंढ्या आधीच पुरल्या होत्या. साथ आली असं समजून ती उरलेल्यांना औषधं पाजत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू शिकलेली ना गं?" ती म्हणाली. "मग?"

वाइयानं तिच्यासमोर दार लावलं नाही. गठ्ठ्यांकडे गेली आणि नखांनी कागद सोलू लागली. असिमिनाही तिच्याशेजारी बसून अंधार पडेपर्यंत सोलत राहिली. सोमवारी कारखान्याचं फाटक तिच्या कार्डानं उघडलं नाही.

फेब्रुवारीत झिसिसनं उरलेल्या मेंढ्या डोंगरापलीकडच्या एकाला देऊन टाकल्या. आपले गुडघे गेले असं तो लोकांना सांगे. असिमिनाला लारिसा शहरात दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. रविवारी ती येई, दोघं बाजूबाजूला बसून जेवत, हवापाण्याचं बोलत. कागदाचा विषय बापानं एकदाही काढला नाही. तो शिव्या देता तर तिला बरं वाटलं असतं.

एप्रिलमध्ये डॉक्टर लाम्ब्रिनींनी तिला कळवलं की अकरापैकी आठ कळपांत एकही मेंढी दगावली नाही. जेवताना तिनं ते बापाला सांगितलं.

"कोणाकोणाचे?" त्यानं विचारलं.

तिनं आठही नावं सांगितली. प्रत्येक नावाला झिसिसनं मान हलवली. सगळ्यांना तो ओळखत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. ताटातलं अर्धं तसंच ठेवून तो उठला, आणि भर दुपारी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.