पश्चिमेकडे पाठ करून

ऑर्मंड पास्कोनं एका बाईच्या आवाजाची चव्वेचाळीस वर्षं वाट पाहिली, आणि तो पुन्हा ऐकू यायची वेळ आली तेव्हा त्याच्या गाडीतला रेडिओ उंदरांनी खाल्ला.

खाल्ला म्हणजे वायरीसकट. त्या साली मुरंगाला गावात उंदीर एवढे माजले होते की मांजरं दमून खांबावर जाऊन बसायची आणि उंदीर खालून त्यांची विचारपूस करायचे. एका उंदरानं रेडिओच्या डब्यात संसारही थाटला होता. ऑर्मंडनं डबा उघडला तर आतून पाच गुलाबी पिल्लं त्याच्याकडे तोंड करून चूं चूं करत होती. एवढ्या वर्षांत त्या डब्यातून त्याच्याशी कुणी इतकं मनापासून बोललं नव्हतं.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो मर्ना हॅलोरनच्या दारात आपली पिकअप लावून उभा होता. मर्ना गाड्यांचं वायरिंग करायची. दुकान बापाचं, हात बापाचा, जीभ मात्र तिची स्वतःची.

"रेडिओ हवाय," ऑर्मंड म्हणाला.

"हा घे." तिनं काउंटरवर तळहाताएवढा डबा ठेवला. "ऐंशी चॅनेल, आवाज कसा काचेसारखा. ट्रकवाले, कॅराव्हॅनवाले सगळे ह्याच्यावरच असतात. सपाटीवर चाळीस किलोमीटर सहज जाईल."

"मला तीन हजार हवेत."

"डॉलर?"

"किलोमीटर."

मर्नानं चष्मा कपाळावर चढवला. "म्हाताऱ्या, तुला जुना सत्तावीस मेगाहर्ट्झचा सेट हवाय. सत्तावीसवर आता असतं कोण? दोन-चार मासेमारीच्या होड्या आणि तू."

"मला एकच माणूस पुरे."

"अजून तीच? मीठवाली?"

ऑर्मंडनं टोपी काढून तिच्यातली धूळ झटकली. सगळ्या मुरंगालाला मीठवाली ठाऊक होती. पबमध्ये तिच्या नावानं एक रिकामं स्टूल होतं, आणि नवख्या माणसानं त्यावर बूड टेकलं की सगळे एका सुरात ओरडायचे, "ऊठ! ऑर्मंडची बायको यायचीय!"

गोष्ट ऐंशी सालची. ऑर्मंड तेव्हा बत्तीस वर्षांचा, रानकुत्री अडवायच्या लांबलचक कुंपणावर पहारेकरी. आठवड्यातले सहा दिवस तो आणि जाळी. कुठं डुकरानं भोक पाडलं, कुठं एमूनं छाती मारली, ते बघायचं आणि तारेनं शिवायचं. कुंपणाच्या कडेची वाट इतकी चिंचोळी की गाडी वळवायची सोय नाही. मागं राहिलेलं भोक आठवलं की दोन-दोन मैल रिव्हर्समध्ये जायचं. त्यामुळे ऑर्मंड पुढं पाहून जेवढी गाडी चालवायचा, त्याहून मागं पाहून जास्त सफाईनं चालवायचा.

सोबतीला त्याच्या स्टेशन वॅगनमध्ये सत्तावीसचा सेट होता, आणि त्या साली सूर्य माजावर आला होता. दर अकरा वर्षांनी तो येतो. अंगावर काळे डाग उठतात, तिकडे दक्षिणेत रात्री आभाळ लाल होतं आणि वरचं भारलेल्या हवेचं छत असं काही घट्ट होतं, की एरवी पंधरा मैलांवर धाप टाकणारा आवाज त्या छतावर टप्पा खाऊन खंडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो.

असाच एक आवाज एका दुपारी ऑर्मंडच्या मांडीवर येऊन पडला.

"मीठवाली बोलतेय. कुणी आहे का, की मी एकटीच उन्हात बडबडतेय?"

"घोरपड बोलतोय," ऑर्मंड म्हणाला. हे त्याचं हवेतलं नाव. खरं नाव हवेत सांगायचं नाही आणि दुसऱ्याचं विचारायचंही नाही, हा तिथला रिवाज. सुरुवातीला हे रेडिओ बेकायदा होते आणि सरकारी माणसं कान लावून बसायची, तेव्हापासूनचा. पुढं सरकारनं परवानगी दिली, पण रिवाज राहिला. बाईचं नाव विचारणारा माणूस त्या चॅनेलवर निर्लज्ज ठरायचा.

तो अख्खा उन्हाळा ते दोघं बोलले. तिच्या दारासमोर संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो एवढं त्याला कळलं. म्हणजे पश्चिम किनारा. ती बोलता बोलता चहा ढवळायची आणि निरोप घेताना कपावर चमचा दोनदा वाजवायची, टिण टिण. ऑर्मंडला त्या दोन टिणटिणींची अशी सवय लागली की त्या ऐकल्याशिवाय त्याला झोप येईना. मग सूर्य उतरला. छत विरलं. मीठवाली गेली.

आणि नंतर आली नाही. एक्क्याण्णव साली सूर्य पुन्हा चढला, दोन हजार एक सालीही चढला, दोन हजार तेरालाही. दर खेपेला ऑर्मंड गावाबाहेरच्या सपाट माथ्याच्या टेकाडावर गाडी नेऊन उभी करायचा, तोंड पश्चिमेला, आणि दुपारभर बोलायचा. उत्तर नाही तर नाही. मग गडी नुसताच बोलत राहायचा. दात काढला, पूर आला, कुत्री आजारी आहे, असलं सगळं. बोलून झालं की माइक खाली ठेवून सुरसुरणारा स्पीकर ऐकत बसायचा.

आता वय शहात्तर. पेपरात आलं होतं की सूर्य पुन्हा डागाळलाय. पुढची खेप येईल तेव्हा ऑर्मंड सत्त्याऐंशीचा असणार, आणि पास्कोंच्या घराण्यात ऐंशी कुणी पाहिलेली नव्हती.

"आत एक पडलाय," मर्ना शेवटी म्हणाली. "कुणीतरी मेल्यावर त्याच्या पोरांनी आणून टाकलेला. चालतो. अँटेना कुठली?"

"ती." त्यानं छताला टांगलेल्या नऊ फुटी पोलादी काडीकडे बोट दाखवलं. "आणि लावायची पुढच्या गार्डवर, डाव्या कोपऱ्यात. जुनी होती तिथंच."

कांगारू आदळले तर गाडी वाचावी म्हणून पुढं जो जाड पोलादी गार्ड असतो, त्यावर अँटेना मिरवायची हा त्या भागातला थाट. ज्याची काडी उंच त्याची कॉलर ताठ.

मर्ना कामाला लागली. गार्डवरचा रंग खरवडून तिनं खालचं लोखंड उघडं केलं. "रंगावर बसवली तर अर्थिंग मिळत नाही. मग नुसती शोभेची काठी." केबल बॉनेटखालून इंजिनमागच्या पत्र्यातल्या भोकातून आत ओढली, तार थेट बॅटरीला जोडली, मध्ये फ्यूज घातला. शेवटी मीटर लावून काडीची उंची केसाकेसानं कमी करत गेली. ऑर्मंड शेजारी उभा राहून, जावयाला घोड्यावर चढताना बघावं तसा बघत होता.

"झालं," ती हात पुसत म्हणाली. "आता सांग, तुला बोलायचंय कुठल्या दिशेला?"

"पश्चिमेला. टेकाडावर नाक पश्चिमेला करून लावतो गाडी."

मर्ना पुसता पुसता थांबली. "नाक पश्चिमेला?"

"मग? ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड नको करायला?"

"कधीपासून?"

"ही गाडी घेतल्यापासून. एक्क्याऐंशी."

"आणि त्याआधी? वॅगनवर अँटेना कुठं होती?"

"टपावर, मधोमध. पण फांद्या लागायच्या. म्हणून हिच्यावर पुढं घेतली."

मर्नानं बॉनेटवरच्या धुळीत बोटानं गाडी काढली. पुढच्या कोपऱ्यात एक टिंब दिलं. मग त्या टिंबापासून मागच्या बाजूला एक लांबलचक रेघ ओढली, पार धूळ संपेपर्यंत.

"आवाज पत्र्याच्या अंगानं पळतो, ऑर्मंड. टपावर मधोमध असली की चहूकडे सारखा. पुढं गार्डवर लावली, की सगळा पत्रा तिच्या मागं. आवाज मागं जातो, आणि ऐकूही मागूनच येतो. पुढं जातं ते नुसतं उष्टं-खरकटं."

ऑर्मंड त्या रेघेकडे बघत राहिला.

"म्हणजे मी तिच्याकडे तोंड करून..."

"...पाठीमागच्या मेंढ्यांशी बोलत होतास." एवढं बोलून मर्नाची जीभ तिची तिलाच टोचली. "बाबा, हे मला कधी विचारलं असतंस तर!"

"तुझ्या बापाला विचारलं होतं. तो म्हणाला, छान दिसते."

"तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा." तिनं फडकं घडी करून ठेवलं. "सोमवारी ये. मागच्या हौद्यावर बसवून देते, मग खुशाल नाक कर पश्चिमेला. आज मागचा ब्रॅकेट नाहीये माझ्याकडे."

"सोमवार," ऑर्मंड म्हणाला, जणू तिनं पुढच्या शतकाचं नाव घेतलं होतं.

चार वाजता तो टेकाडावर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गाडी उलटी लावली. नाक पूर्वेला, घराकडे, पाठ पश्चिमेला. त्याला लाज वाटली. एवढ्या वर्षांनी बाईशी बोलायचं आणि तिच्याकडे पाठ करून! त्यानं आरसा हलवून त्यात पश्चिम बसवून घेतली, केस सारखे केले आणि माइक उचलला.

"घोरपड बोलतोय. मीठवाली, आहेस का?"

सुरसुर. एक माशी स्पीकरवर बसली, तिलाही काही ऐकू आलं नाही, उडून गेली.

"घोरपड बोलतोय. आज मी... आज मी जरा वेगळा बसलोय."

"घोरपड! अरे मेल्या, ओरडतोस किती!"

ऑर्मंडच्या हातातून माइक पडला. वायरीला लोंबकळत गुडघ्यावर आपटला. आवाज म्हातारा झाला होता, कडेनं खरखरीत. पण तोच होता.

"कानाचा पडदा फाडशील," ती म्हणत होती. "आजवर चिलटासारखा यायचास, बाटलीत कोंडलेल्या. मी आपली हाका मारतेय, मारतेय, आणि तू पुढंच बोलत सुटायचास! असला आगाऊ माणूस मी बघितला नाही."

त्यानं माइक कसाबसा धरला. "तू... तू ऐकत होतीस?"

"सगळं नाही. वारा बरा असला की. दात काढलास तेव्हा ऐकलं. पुरात गाय जाळीवर चढून बसली ते ऐकलं, आणि ते खोटं होतं हेही कळलं. आणि ती कुत्री, तीन पायांची, बिस्किट. आजारी आहे म्हणालास आणि सूर्य उतरला. अकरा वर्षं झाली. तिचं झालं काय?"

ऑर्मंडनं शेजारच्या सीटवर हात ठेवला. "गेली. इथंच, शेजारच्या सीटवर. झोपेत. तुझ्याशीच बोलत होतो मी तेव्हा."

सुरसुर. मग, "बरं झालं, सांगितलंस. मला वाटायचं, एकटी गेली असेल."

सूर्य आरशात खाली सरकत होता. आवाजाच्या कडा विरायला लागल्या होत्या, कापड जुनं झाल्यासारख्या. ऑर्मंडला ते कळत होतं. त्यानं बटण दाबलं, डोळे मिटले आणि चव्वेचाळीस वर्षांचा रिवाज मोडला.

"माझं नाव ऑर्मंड आहे. ऑर्मंड पास्को. मुरंगाला."

पलीकडे हसू फुटलं, अगदी ऐंशी सालचं. "किती वेळ लावलास रे! आता ऐक आणि लिहून घे. माझं नाव..."

आणि छत फाटलं.

त्यानं हाका मारल्या. बटण सोडून ऐकलं, पुन्हा हाका मारल्या. नुसती सुरसुर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग तिच्याही तळातून, खूप लांबून, बोट लावलं तर पुसलं जाईल इतकं बारीक: टिण टिण.

ऑर्मंडनं माइक मांडीवर ठेवला. पुढं काचेतून खाली गाव दिसत होतं, त्याच्या घराचा पत्रा दिसत होता. मर्नाचं दुकान सोमवारी उघडणार होतं. सूर्य अजून किती दिवस असा चढलेला राहील हे सूर्य कुणाला सांगत नाही. गाडी वळवली असती, तर नाक तिच्याकडे झालं असतं आणि आवाज पुन्हा मेंढ्यांकडे.

त्यानं घराच्या पत्र्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग मान मागं वळवली, गिअर मागं ओढला आणि डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटच्या पाठीमागं टाकला.

टेकाडाचा उतार तो रिव्हर्समध्ये उतरला. खाली वाट रस्त्याला मिळते तिथं घराकडे जायला सरळ पुढं जायचं होतं. तो मागं गेला. एरवी धूळ गाडीच्या पाठीशी लागते. आता ती नाकासमोर उठली आणि गाव, टेकाड, पब, सगळं तिच्या आड गेलं. आरसा तेवढा स्वच्छ होता.

एकशे चाळीस मैलांवरचा पेट्रोलपंपवाला अजून शपथेवर सांगतो, की एक पिकअप पाठमोरी आली, म्हाताऱ्यानं टाकी भरली, एक मटण पॅटिस घेतलं आणि पाठमोराच निघून गेला. पंपवाल्यानं विचारलंही, "काका, गिअर अडकलाय का?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "किनाऱ्यावर मीठ कुठं कुठं पिकतं, ठाऊक आहे का तुला?"

"पुष्कळ ठिकाणी. पंधरा-वीस तरी असतील."

"मग उशीर नको," म्हणत त्यानं मान मागं वळवली आणि माइक तोंडाशी नेला. "घोरपड बोलतोय. मीठवाली, तू काही बोलू नकोस, दमशील. चमचा तेवढा वाजवत राहा."