दोन-दोन गोळ्या

चमचा तोंडाशी आला तशी गोजरबाईने मान फिरवली. "हे औषध काऊन नाही वाटून टाकलं तुमी गावाले?" अंगात ताप असतानाही तिची जीभ शाबूत होती. बायकोच्या या टोमण्यावर भगवंतराव कंपाउंडरांना हसू आलं, पण चमचा त्यांनी मागे घेतला नाही.

लघवीच्या जळजळीवर सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या मोताळ्याच्या दवाखान्यात आल्या, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. डॉक्टर आठवडाभराच्या लिहीत. भगवंतराव हातावर दोनच ठेवत. नागपूरहून येणारा गोळ्यांचा डबा लहान, बाजाराच्या दिवशीची गर्दी मोठी, आणि रिकाम्या हाती कोणाला पाठवणं त्यांच्या जिवावर येई. दोन गोळ्यांत जळजळ थांबे, लोक दुवा देत, संध्याकाळी त्यांच्या पिशवीत कोणी वांगी टाकी, कोणी मेथीची जुडी. माणसाला आणखी काय हवं?

बायकोलाही त्यांनी तसंच केलं. दोनदा दोन-दोन गोळ्यांवर तिला बरं वाटलं. तिसऱ्यांदा हुडहुडी भरून ताप चढला, कंबर धरली, आणि आता पुऱ्या आठवड्याच्या गोळ्या पोटात जाऊनही ताप हटेना.

डॉक्टरांना सगळं सांगावं लागलं. "अर्ध्या मारानं जंतू मरत नाहीत, भगवंतराव. निर्ढावतात," एवढंच ते म्हणाले. मग वरच्या फळीवरचं, सल्फाच्या आधीच्या काळातलं आंबटढाण औषध त्यांनी काढायला लावलं. बारा दिवस, रोज चार वेळा. याचाही गुण आला नाही तर दवाखान्यात दुसरं काही नव्हतं.

भगवंतरावांनी एकही चमचा चुकवला नाही. ती बोल लावी, ते पुढचा चमचा भरत. सातव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा ती म्हणाली, आता पुरे.

"बारा म्हंजे बारा," ते म्हणाले. "अर्धं ठेवाचं नाही आता काईच."

ती खडखडीत बरी झाली. पुढच्या बाजाराला रोहिणखेडचे उत्तमराव आले आणि नेहमीसारखा त्यांनी हात पुढे केला. भगवंतरावांनी हात जोडून सांगितलं, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहिल्या तर सगळ्या देतो, दोन मात्र देणार नाही.

"बदलले तुमी, भगवंतराव," म्हणत ते रामराम न करताच गेले. त्या दिवशी बरेच जण तसे गेले.

संध्याकाळी गोजरबाईने पिशवी उलटी करून झटकली. मेथीचं पानही पडलं नाही. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि चूल पेटवली.

"बेसन हाय घरात," ती म्हणाली. "पिठलं करतो. पोटभर जेवजा."