मांडवाच्या दारी कोन आली

मुरबाडच्या बाजारात कासारानं काही न विचारता बाईजाच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. एवढ्यासाठीच ती किन्हवलीहून पायी तिथवर गेली होती. गावचा कासार आधी तिच्या कपाळाकडे बघे, मग जमिनीकडे, आणि मग नेमक्या तिच्या मापाच्या बांगड्या त्याच्याकडे संपलेल्या असत.

तिचा नवरा लडकू मुंबईच्या गोदीत हमाली करी. चव्वेचाळीसच्या चैत्रात गोदीत जहाज फुटलं, आग भडकली, त्यानंतर त्याचा निरोप नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर वर्ष उलटून गेलं. गावानं मग आपापल्या सोयीनं बाईजाला वाटून घेतलं. लावणीला हात हवे असले की ती 'लडकूची बायको'. हळदीकुंकवाची वाटी फिरू लागली की वाटी तिच्यापाशी जराशी थबके आणि पुढच्या बाईकडे वळे. घरी आल्यावर बाईजा मनात जमाखर्च मांडी. आज 'वयनी' कोण म्हणालं, नुसतंच 'गो बाय' म्हणून कोणी वेळ मारून नेली. बाकी कधी जुळत नसे.

एक गोष्ट मात्र अजून कुणी काढून घेतली नव्हती. ती धवलारीण होती, लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणारी. मागल्या वैशाखात निरोपाची वाट बघत ती घरीच बसली होती. यंदा शेणवे गावच्या नथूनं आपल्या लेकीच्या, पारूच्या लग्नाला तिलाच बोलावलं.

तिकडची रीत अशी, की धवलारणीनं मांडवाच्या दारात उभं राहून गायचं, "मांडवाच्या दारी कोन आली गो?" आतल्या बायांनी हाक झेलायची, "आली गो आली, धवलारीन आली." ती झेलेपर्यंत पाऊल आत टाकायचं नाही. इतकी वर्षं बाईजानं ते गायलं होतं. त्यात काही विचारलं जातं, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

हळदीच्या सकाळी ती दारात पोचली, तर नवऱ्याकडची हळद घेऊन आलेली त्याची आत्या गुणाबाई आडवी उभी.

"थांब गो. आधी सांग, तू सवाशीन का कोन?"

"कपाळ दिसत नाय काय तुमाला?"

"कपाळ तू रंगवलंस. मी लडकूचं इचारते."

नथू पुढे झाला. "आवो गुणाबाय, धवलारीन सवाशीनच पायजे असं कुठं हाय?"

"नसली तरी चालतं असं तरी कुठं हाय?"

ते खरं होतं. आधीच्या सगळ्या धवलारणी नवऱ्यांच्या आधी गेल्या होत्या. हा प्रश्न पडण्याची वेळच त्यांनी कुणावर आणली नव्हती.

"उद्या पोरीचं वाईट झालं तर कोनाला धरू मी?" गुणाबाई म्हणाली. "इचार बायांना. झेलली तर ये आत. नाय झेलली तर बांगड्या हितंच फोड आनि घरी जा."

पारू पाटावर मान खाली घालून बसली होती. नवरीनं गायचं नसतं.

बाईजा गायली. आवाज वरच्या पट्टीत लागला आणि तिथेच राहिला. जिच्या दोन्ही लेकींच्या हळदी बाईजानं गायल्या होत्या, ती सावळी पोराचा करगोटा नीट करू लागली. तिच्या शेजारची बाई गुणाबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईजा पुन्हा गायली.

"झालं?" गुणाबाई म्हणाली.

तेवढ्यात कारवीच्या काठ्यांच्या बुटक्या कुडामागून, जिथं विधवा बाया तांदूळ धुवत होत्या, तिथून घोगरा आवाज आला. "आली गो आली, धवलारीन आली."

ती चिमी होती. नवरा गेल्यापासून तिनं गाणं ओठांवर आणलं नव्हतं. हळदीची वाटी घेऊन तिच्यापुढून सरळ निघून जाणाऱ्यांत बाईजाही होतीच.

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. गुणाबाईनं तर हातच जोडले. "बघ, कोन ओळखतं तुला! जा मंग, त्यांच्यातच बस."

बाईजाचा हात बांगड्यांवर गेला. चिमीची हाक घेतली, तर आज सगळ्या मांडवादेखत ती कुडापलीकडची ठरणार. नाही घेतली, तर आत बोलावणारं दुसरं कुणीच नव्हतं. वर्षभर ती मांडवातल्या बायांची तोंडं मोजत बसली होती. कुडामागच्या तिनं मोजल्याच नव्हत्या.

तिनं कुडाकडे तोंड केलं आणि तिसऱ्यांदा गायली, या वेळी खरंच विचारल्यासारखी. उत्तर आलं ते चार-पाच गळ्यांतून. तांदळाची पाटी कुठेतरी खाली आदळली. मग सावळी, करगोटा हातातच धरून, सवयीनं म्हणून गेली, "धवलारीन आली."

बाईजा गुणाबाईच्या कडेनं आत शिरली. नथूच्या बायकोनं हळदीची वाटी पुढे केली. ती घेऊन बाईजा पाटाकडे न जाता कुडाशी गेली आणि वरून वाटी पलीकडे धरली. पलीकडे चिमीनं दोन्ही हात पदराआड लपवले.

"आगो, काय करतेस?" गुणाबाई ओरडली.

पारूनं पाटावरून मान वर केली.

"घे गो चिमे, बोट तरी बुडव," बाईजा म्हणाली. "माजा हात अवघडला."