तळहातावरची मात्रा

ज्या साली कांताबाईची उर्वशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या सालची ही गोष्ट. त्या वर्षी घाटंजीकडच्या आमच्या भागात कापूस घरात मावत नव्हता आणि बाजारात त्याला कुणी विचारत नव्हतं. माणसं चिडलेली होती. बैलांच्या पाठीवर उगाच फटके पडत.

मित्रांनो, मी एक जुनी जांभळी पेन्सिल आहे. आता बोटाच्या पेराएवढीच उरले आहे. माझं शिसं कोरडं असलं की राखाडी उमटतं आणि ओलं झालं की जांभळं होतं. एकदा जांभळं झालेलं मग पुसलं जात नाही. म्हणून माणसं मला आधी जिभेला लावत आणि मग लिहीत.

माझा जन्म करवतीखाली झाला. लाकूड चिरलं, त्यात खाच पाडली, खाचेत शिसं घातलं, वरून दुसरी फळी डिंकानं चिकटवून दाबून धरली. मग रंधा फिरला. कारखान्याचं गाव आठवत नाही, पण रंधा आठवतो. आम्हा पेन्सिलींचं असंच असतं. सोलल्याशिवाय आम्हाला लिहिता येत नाही, आणि जितकं लिहावं तितक्या आम्ही संपतो.

मी कापसाच्या बाजारात रहमत मापाऱ्याकडे होते. मापारी म्हणजे वजन करणारा. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, दारात आली की रहमत मला जिभेवर फिरवी आणि बंडीच्या फळीवर दाबून नंबर लिही. पाऊस आला तर आकडा आणखी गडद होई. रहमतच्या आकड्यावरून कधी भांडण झालं नाही. त्याची जीभ मात्र बारा महिने जांभळी असे.

मग बाजारात कॉम्प्युटर आला. नंबराची चिठ्ठी त्यातून निघू लागली. रहमतनं मला कांताबाईच्या हातावर ठेवलं. सांडलेला कापूस झाडायला ती तिथं येत असे.

"घे कांताबाई," तो म्हणाला. "तू शाळेत जाऊन राह्यली म्हणे. आता मशीन लिवते. मी अन् हे, दोघं बी रिकामे."

कांताबाईचे केस पिकले होते. तिच्या वस्तीतल्या विहारात साधना नावाची मुलगी संध्याकाळी बायांना अक्षरं शिकवी. कांताबाई मला विळ्यानं तासत असे. चांगलं सोलायची, पण प्रेमानं. एक दिवस साधना म्हणाली, "मावशी, आज तुमच्या मालकाचं नाव लिहा."

"नाव घेत नाही मी त्याइचं."

"काय होते घेतलं तर?"

"आयुष्य कमी होते म्हणे."

"विहारात बसून असं बोलता, मावशी?"

"डोक्याले पटते बाई तुयं," कांताबाई म्हणाली. "जिभेले नाही पटत."

"मग बोलू नका. लिहा."

तेव्हा कांताबाईनं मला जिभेला लावलं आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव काढलं. साधना हसली. "डामाजी झालं, मावशी. वरची मात्रा राह्यली." त्यानंतर रोज तेच. घाईत मात्रा राहून जायची.

डोमाजी भाड्यानं बंडी हाकायचा. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उलटा धरून पाहिला. "हे मी हावो काय? लयच वाकडा दिसून राह्यलो."

"तुमी बसता तसंच लिवलं," कांताबाई म्हणाली. उर्वशी पोट धरून हसली.

आता त्या दिवसाचं सांगते, काही ऐकलेलं, काही मागाहून कळलेलं. बाजारात बंड्यांची रांग सडकेपर्यंत गेली होती. दुपारी वीज गेली. आली तेव्हा कॉम्प्युटरनं नंबर पुन्हा पहिल्यापासून द्यायला सुरुवात केली. डोमाजीच्या चिठ्ठीवर जो आकडा होता, तोच देवीलालच्या चिठ्ठीवर आला. देवीलालही बंडीवालाच, अंगानं दांडगा.

"बंडी मांगं घे, बुढ्या. नंबर माहा हाये."

"माहे बैल तीन दिसापासून उभे हायेत. तू घे मांगं."

देवीलालनं डोमाजीच्या बैलांची वेसण धरून त्यांना मागं रेटलं. बैलाच्या नाकातून रक्त आलं. डोमाजीच्या हातात तुतारी होती, टोकाला खिळा ठोकलेली काठी. ती त्यानं देवीलालच्या तोंडावर हाणली. गाल कानापर्यंत फाटला. देवीलालनं बंडीची उभारी उपसली. कापूस सांडू नये म्हणून बंडीच्या कडेला लाकडाचे जाड दांडे खोचतात, त्यातला तो एक. मी कांताबाईच्या कमरेच्या पिशवीत होते. मला फक्त आवाज आला, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. ज्याच्या हाती उभारी त्यानं उभारी चालवली, नसेल त्यानं दगड. कॉम्प्युटर बाहेर ओढून काढला आणि दगडांनी त्याचा चुरा केला. रहमत ओरडत होता, "अरे थांबा, मी लिवून देतो नंबर." त्याच्या तोंडावर दगड बसला. दोन दात जमिनीवर पडले. मोकळा कापूस पायांखाली लाल होत गेला.

टेम्पोतून डोमाजीला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. रक्ताच्या बाटलीसाठी नाव हवं होतं. खिडकीतला माणूस कॉम्प्युटरवर बोटं ठेवून बसला होता.

"नाव सांगा पेशंटचं."

"उर्वशीचे बाबा."

"बाई, उर्वशीचे बाबा बरेच असतील. त्यांचं नाव सांगा."

कांताबाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं जे नाव जपलं, ते आजच्या दिवशी कसं घ्यायचं? तिनं मला पिशवीतून काढलं. कागद नव्हता. तिनं मला जिभेवर फिरवलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहिलं. हात घामानं आणि त्याच्या रक्तानं ओला होता. अक्षरं जांभळी फुटली. तिनं हात काचेला लावला.

"डामाजी?" तो माणूस म्हणाला.

तिनं हात मागं घेतला. मात्रा राहिली होती. ती तिनं इतक्या जोरानं ओढली की माझं टोक तिच्या मांसात शिरलं आणि तुटलं. तिनं हात पुन्हा काचेला लावला.

"डोमाजी," त्यानं वाचलं आणि टाईप केलं. बाटली आत गेली.

पण डोकं फार फुटलं होतं. दिवस मावळायच्या आत डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पोलीस आला. त्यानंही नावच विचारलं. कांताबाई उभी राहिली. तिचे ओठ जांभळे होते. आता कमी व्हायला काही उरलं नव्हतं.

"डोमाजी," ती म्हणाली. ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं पुन्हा म्हटलं. "डोमाजी."

माझं टोक तिच्या तळहातातून निघालं नाही. कातडीखाली जांभळा ठिपका राहिला. उर्वशीच्या मुलाला, अश्वजितला, तिनं पहिलं अक्षर शिकवलं ते 'डो'. तो आता कॉम्प्युटरवर भराभर लिहितो. त्याच्या टेबलावर वाटीत मी पडून असते.

मित्रांनो, मी कॉम्प्युटरला नावं ठेवत नाही. पण आपल्या माणसाचं नाव कधीतरी हातानं लिहा, आणि दाबून लिहा. पेन्सिल लहान झाली म्हणून फेकू नका. तिच्यात अजून एखादं नाव असतं.

डोमाजी दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात गेला, उर्वशीला मुलगा होण्याच्या आठवडाभर आधी. कांताबाई गेल्या उन्हाळ्यात गेली. माझं टोक तिच्या हातातच गेलं.