आंधळे कंद

पहिलं दव गोठलं त्या सकाळी डेलियाची पानं काळी पडली, उकडून ठेवलेल्या पालकासारखी. आई खिडकीतून बघून म्हणाली, "झालं. आता काढायला हरकत नाही."

ती याचीच वाट बघत होती. त्याआधी घाईने कंद काढले तर साल कोवळी राहते आणि खोक्यात ते सुरकुततात. उशीर केला तर जमीनच गोठते. मधे जेमतेम आठवडा मिळतो, आणि त्या आठवड्यात आमच्या बागेत सगळी कामं एकदम अंगावर येतात. दाताळ्याने पानं ओढून ढिगावर टाकायची, बाहेरच्या नळाला पोतं गुंडाळायचं, गुलाबांच्या बुडाशी पाचोळा दाबायचा, खुरपी घासून तेल लावून ठेवायची. या वर्षी त्यात एक काम वाढलं होतं. मावशीला घराबाहेर काढायचं.

घर आजोबांनी आईच्या नावावर केलं होतं. मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी लहान. तिने लग्न केलं नाही आणि आजी अंथरुणाला खिळल्यापासून अकरा वर्षं तिचं सगळं केलं. आजी उन्हाळ्यात गेली. पानगळ सुरू झाली तशी आई एका दुपारी भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुझी कुठे तरी सोय बघ आता. मला ती खोली लागणार आहे."

कशाला लागणार, हे मावशीने विचारलं नाही. बाजारामागच्या एका शिंप्याच्या दुकानावर तिने खोली बघितली. आईकडे तिने एकच गोष्ट मागितली.

"ताई, तो काळा डेलिया आहे ना, त्यातला एक कंद दे मला. बाकी काही नको."

फूल खरं तर काळं नव्हतं. गर्द लाल होतं, ऊन उतरलं की काळं दिसायचं. आजीने चाळीसेक वर्षांपूर्वी ते बियांपासून काढलं होतं. डेलियाच्या बीचा भरवसा नसतो, त्याच फुलाचं बी लावलं तरी भलतंच काही उगवतं. तेच फूल पुन्हा हवं असेल तर त्याच झाडाचा कंद लागतो. आणि तीन वर्षांपूर्वीच्या कुजीनंतर त्या झाडाच्या कंदांचा एकच गड्डा उरला होता.

आजी अंथरुणात असताना मावशी त्यातलं एक फूल तोडून तिच्या उशाशी पेल्यात ठेवायची. आजीला शेवटी शेवटी माणसं ओळखू यायची नाहीत, पण फूल ओळखायची. म्हणायची, "किती छान वाढवलंस गं." मावशी म्हणायची, "हो आई."

आजीच्या खोलीची खिडकी वाफ्यावर उघडते. आई तिथेच गुडघे टेकून खुरपत असायची आणि तिला सगळं ऐकू यायचं. अकरा वर्षं बाग आईने केली, मावशीने कधी एक तण उपटलं नाही. "आजारी माणसाला काय दुरुस्त करत बसायचं," असं मावशी मला एकदा म्हणाली होती. आईने आजीला दुरुस्त केलं नाही आणि मावशीला काही विचारलंही नाही. नुसती ऐकत राहिली.

गड्डा काढल्यावर आम्ही तो धुऊन मागच्या कोठीत पालथा ठेवला. पंधरा दिवसांनी आई सुरी घासून बसली. मी राखेची वाटी घेऊन शेजारी, कारण कापलेल्या जागेला राख लावली की बुरशी धरत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाच्या अंगावर एकही नसतो. डोळे असतात ते फक्त जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे कंदाची मान खोडाला चिकटलेली असते तिथे. म्हणून कापताना प्रत्येक मानेबरोबर खोडाची एक चकती यावी लागते. ती आली नाही तर कंद कितीही गुबगुबीत असो, त्याला कोंब येत नाही. अशा कंदांना आई आंधळे म्हणते आणि ढिगावर फेकते.

पंधरा दिवसांत डोळे फुगले होते. मोहरीएवढे, गुलाबी. मला दिसत होते, म्हणजे आईलाही दिसत होते. तिने आधी तीन बारके कंद कापले, प्रत्येकाला जाड चकती ठेवून. मग सात मोठे कंद मानेवरच कापले, चकतीशिवाय. एक चुकला असता तर मी समजू शकले असते. सातही अगदी त्याच ठिकाणी कापले होते.

तेवढ्यात मावशी हात पुसत कोठीत आली.

"हे तुझे," आई म्हणाली.

"अगं बाई! एवढे नको गं ताई. एकच म्हटलं होतं मी."

"घे. मोठे मोठे सगळे तू घे. मला हे मरतुकडे पुरतील, माझा हातगुण आहे."

मावशीने एक कंद उचलून उलटसुलट फिरवला. "याला डोळे कुठे असतात? बटाट्यासारखे दिसत नाहीत."

"वसंतात दिसतील. नाही तरी डोळे असून कोणाला काय दिसतं?"

मावशी हसली. मी वनस्पतिशास्त्र शिकत होते, म्हणून मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय शास्त्रज्ञबाई, उगवतील ना माझ्याकडे?"

मी आईकडे पाहिलं. आईने सुरी फडक्याला पुसली. तिने मला डोळ्यांनी काही सांगितलं नाही, अडवलं नाही, दटावलंही नाही. मला तेव्हा भीती वाटली असं मी नंतर स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे आई हे शेवटपर्यंत नेते का, ते मला बघायचं होतं. मी सातही माना एकेक करून राखेत बुडवल्या. राखेनंतर आंधळा आणि डोळस ओळखू येत नाहीत.

"थंड जागी ठेव," मी म्हणाले. "भुशात. महिन्यातून एकदा दाबून बघ."

मावशी खोकं कडेवर घेऊन गेली. दारात थांबून म्हणाली, "ताईने उभ्या जन्मात मला पहिल्यांदा स्वतःपेक्षा जास्त दिलं गं."

ती गेल्यावर मी आईला विचारलं, "असं का केलंस?"

"तुला बोलायचं होतं तर बोलायचंस. तोंडाला कुलूप होतं का?"

"पण का?"

"तिला फुलं मिळायला कंद कशाला हवेत? न वाढवताच तिची होतात." तिने चुरा झाडून गोळा केला. "जा, नळाचं पोतं सुटलंय, बांधून ये."

हिवाळाभर मावशी दर रविवारी फोन करायची. महिन्यातून एकदा म्हटलं होतं, ती आठवड्याला कंद तपासायची. एकेकाला पेन्सिलीने नंबर घातले होते तिने.

"चार नंबरचा जरा सैल वाटला म्हणून पाणी शिंपडलं. थोडंसंच हं."

"दाबून कडक आहे ना?"

"दगड आहे दगड. म्हणजे जिवंत आहे ना?"

"जिवंत आहे," मी सांगायचे. ते खरं होतं. आंधळा कंद महिनोन्महिने जिवंत राहतो. ओल मिळाली तर मुळंही फुटतात त्याला.

थंडी ओसरायला लागली तशी आईने तिचे तीन कंद आत आणून उजेडाच्या खिडकीत ओल्या भुशात ठेवले. आठवड्याभरात तिन्हींचे डोळे वाटाण्याएवढे झाले. त्या रविवारी मावशी फोनवर म्हणाली, "खालच्या शिंप्याला सांगून ठेवलंय. त्याच्या दारात दोन मोठ्या कुंड्या ठेवू देतोय. काळं फूल येणार म्हटल्यावर बघायला उत्सुक आहे बिचारा."

फोन ठेवला आणि मी खिडकीतल्या खोक्यातून एक कंद उचलून रुमालात गुंडाळला. आई बाहेर गुलाब छाटत होती.

मावशीची खोली एका पलंगाची आणि एका शेगडीची. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. खोकं पलंगाखाली, थंड भिंतीला लावून ठेवलेलं. मावशी चहा ठेवायला वळली तेव्हा मी ते ओढलं, रुमाल सोडला आणि माझा कंद भुशात खुपसला. तिला काही कळायची गरज नव्हती. एक उगवला असता, बाकीचे सात नसते उगवले, आणि आईचा मोठेपणा तसाच राहिला असता.

"हा आठवा कुठला?" ती माझ्या मागे उभी होती. "नंबर नाही याला."

मी सांगितलं. प्रयोगवहीत लिहितात तसं, क्रमाने. मान, चकती, सुरी, राख. माझा आवाज कुठेही हलला नाही, हे मला ऐकू येत होतं.

तिने तीन नंबरचा कंद उचलून दाबला. "म्हणजे हे मेलेत."

"नाही. जिवंत आहेत. फक्त कोंब येणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

"आणि तू तिथेच होतीस."

"हो."

"राख तू लावलीस."

"हो."

चहा उतू गेला. तिने शेगडी बंद केली, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. "तुझी आई वाईट करते तेव्हा निदान हात तरी घाण करून घेते," ती म्हणाली. "तू नुसती हजर असतेस."

मग तिने आठवा कंद उचलला. "हाच का डोळा?"

"हो. एकच आहे. जपून."

तिने अंगठ्याचं नख लावलं आणि तो खुडला. एवढासा आवाज झाला.

"मावशी!"

"चोरीचा, आणि वर तिचा. ठेव तुझ्याकडे." तिने कंद माझ्या हातात दिला. "आता घरी जाऊन ताईला सांग, मावशीचे सातही फुटले."

"तिचा विश्वास बसणार नाही. तिने स्वतः कापलेत."

"तू सांगितलंस की बसेल. शिकलेली आहेस तू. तुम्ही लोक खोटं बोलत नाही ना."

मी घरी गेले तेव्हा आई शेवटच्या गुलाबापाशी होती. छाटलेल्या फांद्या पायाशी पडल्या होत्या.

"मावशीकडे गेले होते," मी म्हणाले. "तिचे सातही फुटले."

कात्री थांबली. "कुठून?"

"मानेवरून."

"शक्य नाही."

"कधी कधी कापताना खोडाचा पातळ थर राहून जातो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यातूनही डोळा तयार होतो." हे मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं.

"सातही?"

"सातही. शिंप्याच्या दारात कुंड्या ठेवणार आहे ती."

आई घरात गेली. मला वाटलं, बसायला गेली. ती खिडकीतलं खोकं घेऊन बाहेर आली आणि नळाजवळच्या फरशीवर तिने ते उपडं केलं. भुसा उडाला. खोक्यात दोनच कंद होते, पण तिने मोजले नाहीत. कुंपणाला टेकवलेलं फावडं घेतलं आणि पातं उभं धरून मारलं. पहिला कंद मधोमध फुटला, ओल्या गाजरासारखा.

"आई, थांब, ते शेवटचे..."

"शेवटचे कसे? सात आहेत ना तिच्याकडे." दुसऱ्यावर तिने दोन घाव घातले. डोळा पात्याखाली चिरडून फरशीला चिकटला. "दोघींच्या दारात एकच फूल कशाला? आईचं सगळं शेवटी तिच्याकडेच जायचं. जाऊ दे."

मी तेव्हा खरं बोलू शकले असते. त्याने आता फक्त आईला कळलं असतं की तिने काय केलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते कळल्यावर तिचा चेहरा कसा होईल, हे मला बघायचं होतं. पुन्हा नुसतं बघायचंच होतं, म्हणूनच मी बोलले नाही. निदान एवढं मला त्या दिवशी जमलं.

आईने फावडं गवताला पुसलं.

"बघत काय उभी राहिलीस? दाताळं आण. हे ढिगावर टाकायचंय."

मी दाताळं आणलं.