हातमोजे न वाळवणारा स्विच

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. नाही मित्रांनो, भिंतीवर खटकन दाबून दिवा लावतात तो नव्हे. त्याची आणि माझी सोयरीकसुद्धा नाही. मी एक लोखंडी डबा आहे. माझ्या पुढच्या बाजूला ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एक केबल आणि प्रत्येक केबलच्या टोकाला एक संगणक. कोणाचा निरोप कोणाकडे पोचवायचा हे मी बघतो. पोस्टमन समजा, फक्त वाटेत चहाला न थांबणारा.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. जन्म कोणाला आठवतो? माझी पहिली आठवण कॅनडातल्या थंडर बे गावातल्या एका विमा कचेरीची. तिथे एका अंधाऱ्या कपाटात मी वर्षानुवर्षं राबलो. काम सुरळीत असलं की कपाट कोणी उघडत नसे, आणि बिघडलं की उघडून मला शिव्या घालत. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला एवढंच आलं. पुढे माझ्याहून चपळ स्विच आला आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला उचललं ट्रेव्हर पिकर्सगिल यांनी. हे गृहस्थ संगणकाच्या परीक्षांचे वर्ग चालवत. मला वाटलं, चला, आता विद्यार्थ्यांच्या हाताखाली जाऊ, म्हातारपणी चार पोरांच्या उपयोगी पडू. कसलं काय! ट्रेव्हरनी मला दिवाणखान्यात चौथऱ्यावर बसवलं, भोवती मखमली दोरी बांधली आणि पाटी लावली : ‘हात लावू नये.’ मला वीज नव्हती. माझ्या मागे ख्रिसमसच्या दिव्यांची माळ दडवली होती, तीच भोकांतून लुकलुकायची. लोक म्हणायचे, “वा, काय यंत्रणा आहे!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नुसतं मखरात बसणं देवाला जमत असेल, मला जमलं नाही.

एका कडाक्याच्या थंडीत ट्रेव्हरनी फुकट परिचय वर्ग ठेवला. सोबत गुलाबी साखरेचे पर्शियन पाव. आमच्या गावात गुलाबी पर्शियन ठेवला की माणूस कशालाही येतो. आयनो हकाला हे ऐंशी ओलांडलेले फिनिश आजोबा पावासाठीच आले होते. त्यांची मुलगी मार्लीन मात्र नोकरीच्या काळजीने आली होती. ती कागद कारखान्याच्या कचेरीत होती आणि कारखाना बंद पडला होता. गावच्या रुग्णालयात संगणक विभागात जागा होती, पण अट एकच : उन्हाळ्याच्या आत नेटवर्कची परीक्षा पास करून प्रमाणपत्र आणायचं. नाही जमलं तर बरोबरीचे सगळे गेले तसं कामासाठी दूर अल्बर्टाला जायचं. आणि आयनोंनी जाहीर करून टाकलं होतं, “मी माझा सौना सोडून कुठेही येणार नाही.” परसातली ती लाकडी खोली त्यांनी स्वतः बांधली होती. दगड तापवून त्यात घाम काढल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे.

ट्रेव्हर छाती फुगवून म्हणाले, “आमच्याकडे पास होण्याची हमी! नापास झालात तर हाच कोर्स पुन्हा फुकट!”

“म्हणजे नापास झाली तर परत तुमच्यासमोर बसायचं?” आयनो म्हणाले. “ही हमी झाली की शिक्षा?”

“बाबा, गप्प बसा हो. पाव खा.” मार्लीनने विचारलं, “सर, यंत्रावर सराव कधी असतो?”

“यंत्राला हात कशाला लावायचा? परीक्षेत येणारे प्रश्न आमच्याकडे आहेत. उत्तरं घोकायची. समजून घेण्यात लोक उगाच वेळ घालवतात.”

मार्लीन घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला घोकणं फार सोपं वाटतं. वर्ग संपल्यावर तिने नाव घालायला पेन उचललं. मी मनात ओरडत होतो, ‘अगं, नको!’ पण माझ्या मनाला वायर कुठे जोडलेली होती?

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. बाहेरून आलं की ओले हातमोजे मिळेल त्या गरम वस्तूवर टाकायचे. फ्रिजच्या डोक्यावर, टीव्हीवर, काहीही चालतं. आयनोंनी आल्या आल्या दोरीखालून वाकून आपले मोजे माझ्या डोक्यावर पसरले होते. निघताना त्यांनी ते उचलले आणि त्यांचं तोंड आंबट झालं.

“अहो मास्तर, तुमचं यंत्र बंद आहे.”

“चालू आहे की! दिवे दिसत नाहीत?”

“मग माझे मोजे ओले कसे? आमच्या टीव्हीवर एवढ्या वेळात पापड झाले असते.”

मार्लीनने पेन खाली ठेवलं. दोरी ओलांडून ती माझ्या मागे गेली आणि तिने हात घालून अख्खी माळ बाहेर ओढली. शेवटी एक छोटा सांताक्लॉजही निघाला. सगळा वर्ग खो खो हसत सुटला.

“परीक्षेत हाच येणार आहे का, सर?” मार्लीनने सांता नाचवत विचारलं.

“ते... ते फक्त शोभेसाठी आहे.”

“मला नोकरी शोभेची नकोय.”

“मग हा डबा आम्ही नेतो,” आयनो म्हणाले. “तुमच्या उपयोगाचा नाहीच.” ब्याद टळावी म्हणून ट्रेव्हरनी मला त्यांच्या हवाली केलं.

मग बापलेकीने दुसरा वर्ग पाहिला, तो कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबच्या, माडीवर. चालवणारी बाई इव्हेट शार्त्रां. तिथे पाव नव्हते आणि कॉफी काढ्यासारखी होती. जमिनीवर केबलींचा असा गुंता की चालायची सोय नाही. माझ्यासारखे जुने डबे उघडेवाघडे पडलेले, आणि चार-पाच माणसं त्यांच्यावर डोकं खाजवत बसलेली.

“हमी काय देता?” आयनोंनी विचारलं.

“एकच. तुमची मुलगी इथे रडेल,” इव्हेटबाई म्हणाल्या.

“घे पोरी प्रवेश. ही बाई खरं बोलते.”

मला पाहून बाईंनी हुकूम सोडला, “हा घरीच ठेवा. रोज कोणीतरी याचं काहीतरी बिघडवायचं आणि मार्लीनने दुरुस्त करायचं.” बिघडवायचं काम आयनोंनी आनंदाने पत्करलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला वीज मिळाली, माझे खरे दिवे लागले, पंखा घोंघावला. आयनो म्हणाले, “याच्यापेक्षा तुझी आई कमी घोरायची.” पण मित्रांनो, मी सुखाने घोरत होतो. कोणीतरी रोज माझ्याशी झटत होतं.

आयनो केबली उपटत, उलटसुलट खोचत. एकदा त्यांनी भिंतीतला प्लगच काढला. मार्लीन सकाळभर केबलींच्या जोडणीचे नकाशे चाळत बसली, आणि प्लग दिसल्यावर खरोखरच रडली.

“बाबा, ही काय थट्टा आहे?”

“बिघाड आहे. बाईंनी सांगितलाय.”

वसंतात परीक्षेचा दिवस आला. मार्लीन गेली, आणि आयनोंनी माळ्यावरून जुनी बॅग काढली. तिच्यात लोकरीचे कपडे भरले. मग सौनातला, दगडांवर पाणी ओतायचा लाकडी डाव आणला, टॉवेलात गुंडाळला आणि वर ठेवला. मग माझ्याजवळ बसून म्हणाले, “तिच्याजवळ बोलू नकोस हं.” मी कसा बोलणार? पण माझे सगळे दिवे एकदम थरथरले, असं मला वाटतं.

दुपारी दार धाडकन उघडलं. “पास! बाबा, पास! पडद्यावर एक बिघडलेलं नेटवर्क दिलं होतं, शोधून काढलं मी!” आणि मग तिला बॅग दिसली.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही. आवराआवर.”

तिने बॅग उघडली. टॉवेल सोडला. डाव हातात घेऊन ती त्यांच्याकडे वळली.

“अल्बर्टाला येणार होतात?”

“नापास झाली असतीस तर माझ्यापायी इथे अडकली असतीस. दगड काय, तिकडेही तापतात.”

“मग इतके दिवस ‘सौना सोडणार नाही’ म्हणून भांडत का होतात?”

“नाहीतर अभ्यास केला असतास?”

मार्लीन हसत हसत जमिनीवरच बसली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. इव्हेटबाईंची हमी अशी दुसऱ्यांदा खरी झाली.

पुढे मार्लीन रुग्णालयात रुजू झाली आणि ट्रेव्हरच्या दारावर तिचा फोटो झळकला : ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी.’ ती तिथे पाव खायला गेली होती, एवढं खरं. मी आता कर्लिंग क्लबच्या माडीवर नव्या लोकांकडून बिघडवून घेत असतो.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, पुसा, असं मी म्हणणार नाही. मला खुशाल बिघडवा आणि दुरुस्त करा. पण क्लास मात्र बघून निवडा. दिव्यांना भुलू नका, हात घालून बघा. स्वतःसाठी नाही, तर तुम्हाला न सांगता घरी जो कोणी बॅग भरून बसला असेल, त्याच्यासाठी तरी.