दार लावणारा राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे आणि जुना असल्याची मला अजिबात लाज वाटत नाही. नेसरीजवळच्या एका वाडीत, दूध संस्थेच्या भिंतीवर मी लटकतो. माझा एक अँटेना मोडलाय, त्याला चिकटपट्टी लावली आहे. सध्या अर्धी वाडी मला शिव्या देते. देऊ देत.

मी नवा आलो तेव्हा काय थाट होता माझा! अध्यक्ष हंबीररावांनी नारळ फोडला, कोणीतरी झेंडूचा हार घातला. काम सोपं होतं. फॅट मोजणारं मशीन आणि वजनकाटा जे आकडे सांगतील, ते मी संगणकापर्यंत पोचवायचे. पण आमच्याकडे पाव्हण्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि हळूहळू चहाबरोबर नेटही देऊ लागले. रोज कोण सांगत बसणार, म्हणून हंबीररावांनी माझा पासवर्ड फळ्यावर खडूनं लिहून टाकला. लक्षात राहायला सोपा म्हणून संस्थेच्या संगणकालाही तोच ठेवला. टँकरचा ड्रायव्हर, खताचा एजंट, कट्ट्यावरची पोरं, सगळ्यांचा मी लाडका झालो. असं नेट गडहिंग्लजलासुद्धा नाही म्हणायचे, आणि मी फुगायचो.

मग झुंबरबाईचं प्रकरण झालं. ही बाई एकटी, दोन म्हशींवर घर चालवणारी. सकाळी मशीनवर तिच्या दुधाचं फॅट चांगलं लागायचं आणि संध्याकाळी संगणकात तोच आकडा घसरलेला दिसायचा. बाई पाणी घालते अशी कुजबुज सुरू झाली. पुढच्या आठवड्यापासून तिचं दूध घ्यायचं नाही, असं संस्थेनं ठरवलं. ती मान खाली घालून घरी गेली. मला फार वाईट वाटलं, कारण आकडे बदलणारा माझ्यातूनच आत शिरत होता. सगळ्यांच्या तोंडी एकच पासवर्ड असल्यावर चोर कोण आणि पाव्हणा कोण, हे मी कसं ओळखणार?

सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला तो फरक सेक्रेटरी धैर्यशीलला खटकला. नेटवरून कोणीतरी आत शिरून आकडे बदलतंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. त्यानं फळा पुसला, दोन्ही पासवर्ड बदलले आणि मला सगळ्यात कडक नियम लावले. नोंदवलेल्या यंत्रालाच आत घ्यायचं, बाकी कोणीही असो, दारातूनच परत पाठवायचं.

दुसऱ्या दिवशी नुसता गोंधळ उडाला. वजनकाटा इतका जुना की त्याला नवे नियम कळेनात, म्हणून माझ्या त्या सोबत्यालाही मी बाहेर काढलं. वजनं हातानं लिहावी लागली, रांग रस्त्यापर्यंत गेली, टँकरवाला हॉर्न वाजवत बसला. अध्यक्षांचा मोबाईलही मी आत घेतला नाही. हंबीरराव तापले. गावाचं नेट गावालाच बंद म्हणजे काय, सगळं होतं तसं कर, असं त्यांनी फर्मावलं. धैर्यशील नाइलाजानं संगणकाकडे वळला.

तेवढ्यात रांगेतून झुंबरबाई बोलली, "हंबीरराव, हुबं ऱ्हाऊन पाय दुखत्यात, दुखू देत. माझ्या दुधात पाणी हाय म्हणालासा, ते लई दुखलंय. चार दिस ह्या नेटचं दार लावूनच ठेवा की."

हंबीररावांनी धैर्यशीलला हातानंच थांबवलं. दार बंदच राहिलं. त्यानंतर तिचा सकाळचा आकडा संध्याकाळी जसाच्या तसा दिसू लागला. हंबीररावांनी सगळ्या रांगेसमोर तिला सांगितलं, "आक्का, चुकलं आमचं. दूध घालत ऱ्हावा."

आकडे कोण बदलत होतं, ते कधीच कळलं नाही. कट्ट्यावरची पोरं मला आजही खडूस म्हणतात. माझ्या जागी नवा राऊटर आणून पासवर्ड पुन्हा सगळ्यांना सांगायचा, असंही बोलणं चाललंय.

मला खुशाल भंगारात घाला. पण मित्रांनो, पाव्हण्याला चहा द्या, जेवू घाला, घराची किल्ली देऊ नका. दार सताड उघडं टाकलंत, तर मन तुमचं मोठं दिसेल आणि मान मात्र झुंबरबाईला खाली घालावी लागेल.